तोच अंतू बर्वा, वेगळं हसू

मधुकर पाटकर यांनी १९५१ साली 'आवाज' हा विनोदी दिवाळी अंक काढला आणि त्यातल्या खिडकीचित्रांनी मराठी घरांत पुढची अनेक वर्षं धमाल उडवून दिली. पानाला एक खिडकी कापलेली असे. तिच्यातून खालच्या चित्राचा जेवढा तुकडा दिसे, तेवढ्यावरून तिथं काहीतरी चावट चाललंय अशी खात्रीच व्हावी. पान उलटलं की पूर्ण चित्र मात्र निरागस निघे. अंक घरात आला की कपाटावर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी जाई आणि मुलं स्टुलावर चढून तो काढतच. आठ-नऊ वर्षांच्या पोराला खिडकीतलं काही कळत नसे. भोकातून बघायचं आणि पान फिरवायचं, एवढ्याचंच त्याला हसू येई. सोळा-सतराव्या वर्षी खिडकीतलंच तेवढं दिसे. चाळिशीतला वाचक पान पुन्हा मागं घेऊन चित्रकारानं आपल्याला फसवलं कसं, ते तपासून बघे. आणि आजोबा चित्र सोडून, ते चोरून बघणाऱ्या नातवाकडे बघून हसत.

कागद तोच, शाई तीच, हसू चार ठिकाणी. वयाबरोबर माणसाची विनोदाची आवड बदलते हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. पण ती कशी बदलते, याविषयी आपल्याकडे एक ठरून गेलेली समजूत आहे आणि ती तपासून बघण्याजोगी आहे. विनोदाची एक शिडी असते, अशी ही समजूत. सगळ्यांत खालच्या पायरीवर पडणं-आपटणं आणि वेडीवाकडी तोंडं. तिथं लहान मुलं. त्यावर द्वयर्थी संवाद आणि दादा कोंडके. तिथं कॉलेजातली पोरं. मग लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ यांचे धांदलीचे चित्रपट. त्यांच्यावर पु. ल. देशपांडे. अगदी वरच्या पायरीवर, सावकाशीनं वाचायचे चिं. वि. जोशी, निवृत्तीनंतरचे. माणूस मोठा होतो म्हणजे ही शिडी चढतो आणि कधीकाळी खालच्या पायरीवर आपण पोट धरधरून हसलो होतो, हे चारचौघांत कबूल करेनासा होतो.

ही शिडी खोटी आहे. ते दाखवायला वसंत सबनीस हे एकच नाव पुरतं.

१९६५ साली रंगभूमीवर आलेलं 'विच्छा माझी पुरी करा' हे वगनाट्य सबनीसांचं. दादा कोंडके हे नाव महाराष्ट्रभर झालं ते त्यातून. १९७१ साली आलेला 'सोंगाड्या', ज्याच्यापासून दादांच्या स्वतःच्या चित्रपटांची रांग सुरू झाली, तोही सबनीसांच्याच लेखणीतला. आणि १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी', जो आज आजीपासून नातीपर्यंत अख्खं घर एकत्र बसून बघतं, त्याचेही लेखक सबनीसच. कथेचा मूळ धागा हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'चा, पण पुण्यातली भाड्याच्या खोलीची वणवण, घरमालकांच्या अटी आणि तोंडातून एकदा निघालेली थाप निभावताना होणारी दमछाक हे सगळं अस्सल मराठी. दादांना चावट म्हणून खाली बसवणारा आणि 'बनवाबनवी'ला निर्मळ म्हणून वर नेणारा प्रेक्षक एकाच लेखकाचे दोन तुकडे करत असतो. सबनीसांना तमाशातली बतावणी पक्की माहीत होती. बोलणाऱ्याला एक म्हणायचं आहे, ऐकणाऱ्याला दुसरं ऐकू येतंय आणि प्रेक्षकाला दोन्ही कळतंय, हे तंत्र त्यांनी आधी वगात वापरलं, नंतर चित्रपटात. वरची पायरी आणि खालची पायरी एकाच सुतारानं घडवलेली असेल, तर वर-खाली या भाषेत बोलण्यात अर्थ राहत नाही.

मग वयानुसार नेमकं बदलतं काय?

विलिबाल्ड रूख, पॉल मॅकगी आणि फ्रान्झ-योसेफ हेल या तीन संशोधकांनी १९९० साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. जर्मनीतल्या १४ ते ६६ वर्षं वयाच्या ४,२९२ जणांनी विनोद आणि व्यंगचित्रं वाचून त्यांना गुण दिले होते. विनोदाचे दोन प्रकार वेगळे काढले होते. पहिल्यात सुरुवातीला काहीतरी विसंगत वाटतं आणि शेवटच्या ओळीला त्याचा उलगडा होतो. गाठ बसते आणि सुटते. दुसऱ्यात उलगडा होतच नाही, किंवा झाल्यासारखा वाटून आणखी गोंधळ उरतो. विशीच्या जवळपास पोचल्यानंतर पुढे वय वाढत जाईल तशी उलगडणाऱ्या विनोदाची गोडी वाढत गेलेली दिसली आणि न उलगडणाऱ्याची कमी होत गेलेली. उलगडणाऱ्या विनोदाच्या आवडीचा चढता आलेख माणसांच्या परंपरा जपण्याच्या वृत्तीच्या चढत्या आलेखाशी जवळजवळ समांतर गेला. आणखी एक गोष्ट या पाहणीत आहे, तिच्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. विनोद नकोसा वाटण्याचं, त्याचा राग येण्याचं प्रमाण वयाबरोबर साधारणपणे उतरत गेलं. म्हातारपणी माणसं तिरसट होतात या समजुतीला इथं आधार मिळत नाही.

आज विशीतली मुलं मोबाइलवर ज्या मीम्सना हसतात, त्यांतली निम्मी घरातल्या मोठ्यांना 'यात हसण्यासारखं काय आहे?' असं विचारायला लावतात, त्याचं एक उत्तर इथं मिळतं. त्या मीममध्ये उलगडा नसतोच. अर्थ न लागणं हीच तिथली गंमत असते आणि पन्नाशीतला माणूस शेवटची ओळ शोधत बसतो.

पण अशा पाहणीचा निष्कर्ष जपून घ्यायला हवा. १९९० मधला साठ वर्षांचा जर्मन माणूस १९३० च्या सुमाराला जन्मला, युद्धात वाढला. त्याच पाहणीतला वीस वर्षांचा मुलगा १९७० चा. थोरला माणूस तसा हसतो तो साठीचा आहे म्हणून, की त्या काळात वाढला म्हणून? व्यक्तीचं वय आणि काळाचं वय ही दोन घड्याळं एकाच वेळी चालत असतात. विनोदाबद्दलच्या बहुतेक वादांत माणसं एका घड्याळाची वेळ दुसऱ्यावर वाचतात.

या तिघांपैकी मॅकगी यांचं मूळ काम लहान मुलांच्या हसण्यावरचं, आणि तिथं त्यांनी सांगितलेली एक गोष्ट फार कामाची आहे. मूल हसतं ते त्याला नुकत्याच जमू लागलेल्या गोष्टीला. तीन-चार महिन्यांचं बाळ हसू लागतं. पुढे पदराआड गेलेला चेहरा नाहीसा झालेला नसतो, हे त्याला कळायला लागतं आणि 'बुवाऽ कुक'ला खिदळायला सुरुवात होते. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला 'भूभू म्याऊ म्हणतो' असं सांगितलं की ते लोळून हसतं, कारण भूभू काय म्हणतो हे त्याला आत्ताआत्ताच पक्कं झालेलं असतं. संडासला वेळेवर सांगायला शिकलेल्या मुलांत शी-शू-पादण्याच्या विनोदांना ऊत येतो, तोही याच कारणानं. सहा-सात वर्षांचं झालं की एका शब्दाला दोन अर्थ असतात असा शोध लागतो आणि मग घरात बंड्या आणि गुरुजी राहायला येतात. मोठी माणसं ज्याला पाचकळ म्हणतात, तो त्या मुलासाठी भाषेतला पहिला मोठा पराक्रम असतो. त्यावर मनापासून हसून दाखवणं हे आई-बापांचं कामच आहे.

मॅकगींचा हा विचार बालपणापाशी थांबवण्याचं कारण नाही. नुकतंच जमू लागलेलं, नुकतंच अंगावर आलेलं जे काही असेल त्याला हसू येतं, हे सूत्र हातात धरून पुढची वयं बघितली तर बरंच काही जागच्या जागी बसतं.

सोळाव्या वर्षी नुकतं कळू लागलेलं असतं ते स्त्री-पुरुषांमधलं, आणि मोठ्यांचा अधिकार पोकळ असू शकतो हे. दादा कोंडक्यांच्या चित्रपटांत नेमकं हेच दोन धागे आहेत. १९७५ च्या 'पांडू हवालदार'मध्ये पोलिसाची वर्दी येते, इतरत्र पाटील, सावकार, पुढारी येतात आणि नाडी लोंबणाऱ्या अर्ध्या चड्डीतला भोळा माणूस या सगळ्यांची फजिती करतो. त्याच्या तोंडून चावट ते निघतं, पण त्याला त्याचा पत्ताच नसतो. नायकाला जे कळत नाही, ते आपल्याला कळलं, हा पोरसवदा प्रेक्षकाचा विजय असतो.

एवढ्यावर दादांना तरुण वयाच्या खात्यात टाकून मोकळं होणं मात्र अन्यायाचं आहे. दादा नायगाव-लालबागच्या गिरणगावात वाढले, सेवा दलाच्या कलापथकात तयार झाले. त्यांचे लागोपाठ नऊ चित्रपट पंचवीस आठवडे चालले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. ही गर्दी कॉलेजच्या पोरांची नव्हती. ती गिरणी कामगारांची, हमालांची, तालुक्याच्या बाजाराला आलेल्या शेतकऱ्यांची होती. त्यांतले कितीक जण तीस-चाळीस-पन्नास वर्षांचे, बायकामुलं गावाकडे ठेवून खानावळीत जेवणारे आणि पाळीपाळीनं एका खोलीत झोपणारे. त्यांना दादांचं बोलणं कळायला वयात येण्याची वाट बघायची नव्हती. ते ज्या लोकनाट्यावर आणि जत्रेतल्या तमाशावर वाढले होते, त्याचीच भाषा पडद्यावर बोलली जात होती. पांढरपेशा घरातल्या मुलानं दादांना चोरून, शाळा बुडवून पाहिलं आणि नोकरीला लागल्यावर सोडून दिलं, म्हणून त्याला ती 'वयाची आवड' वाटली. चिंचपोकळीच्या चाळीत ती आयुष्यभराची आवड होती. 'सोंगाड्या'साठी दादरचं कोहिनूर थिएटर मिळवून द्यायला बाळासाहेब ठाकरे उभे राहिले, हा किस्सा सर्वांना ठाऊक आहे. त्या प्रसंगात मराठीपणाइतकाच वर्गाचाही प्रश्न होता, हे कमी बोललं जातं. विनोदाच्या आवडीला वय असतं तसा पत्ताही असतो.

आता पुलं. मराठी वाचकाच्या वयाबरोबर विनोद कसा हलतो, हे बघायला त्यांच्यासारखी सोय दुसरी नाही. कारण साधं आहे: लोक त्यांना एकदा वाचून थांबत नाहीत. 'व्यक्ती आणि वल्ली'तली माणसं आधी आई-वडिलांच्या कॅसेटवर कानावर पडतात, मग शाळेच्या सुट्टीत पुस्तकातून भेटतात, पुढे गाडी चालवताना, परदेशात स्वयंपाक करताना, रात्री झोप येत नसताना पुन्हा ऐकली जातात. मजकूर एका अक्षरानं बदलत नाही. ऐकणारा बदलतो.

दहा वर्षांच्या मुलाला 'म्हैस' आवडते ती उच्चारांसाठी. एसटीतले ते नाना तऱ्हेचे प्रवासी, त्यांचे हेल, म्हैस आडवी आल्यावरचा गलका. गोष्ट कळली नाही तरी आवाजांची जत्रा कळते. पस्तीस-चाळीसच्या माणसाला तीच 'म्हैस' ऐकताना हसू येतं ते पंचनाम्याच्या जागी. मधल्या काळात त्यानं तलाठ्याच्या कचेरीत, पोलीस चौकीत किंवा विम्याच्या दाव्यासाठी कुठंतरी दिवस घालवलेला असतो. जी गोष्ट त्याला नुकतीच येऊन भिडली, तिथं त्याला हसू फुटतं.

'नारायण'चंही असंच. लग्नघरात सगळ्यांना हवा असलेला, खरेदीपासून पंगतीपर्यंत सगळं अंगावर घेणारा नारायण तरुणपणी ऐकला की त्याच्या धावपळीचं हसू येतं. स्वतःच्या घरात एक लग्न काढलं, की त्याच जागी 'असा एक माणूस आपल्याकडे होता आणि आपण त्याला नीट जेव म्हटलं होतं का?' असा प्रश्न मनात येऊन जातो. हसू थांबत नाही, पण त्याच्यात हे मिसळतं.

आणि 'अंतू बर्वा'. रत्नागिरीच्या एका आळीतला हा तिखट म्हातारा पहिल्यांदा भेटतो तेव्हा टोमण्यांसाठी आवडतो. गांधींपासून शेजाऱ्यापर्यंत कुणालाही न सोडणारं ते बोलणं पंधरा वर्षांच्या मुलाला पाठ करावंसं वाटतं. पाठ होतंही, आणि स्नेहसंमेलनात सादर होतं. गावात वीज येते तेव्हा आपलं दारिद्र्य उजेडात बघायला ती कशाला, अशा अर्थाचं अंतूशेट काहीतरी बोलतात. या वाक्याला तरुण श्रोते टाळी देतात. वाक्य आहेच तसं घोटीव. पण घराचं छप्पर बदलायला पैसे नाहीत अशी वेळ ज्याच्यावर आली, किंवा ज्याचे आई-वडील कोकणातल्या एखाद्या मोठ्या घरात दोघंच उरले, त्याला या वाक्यातला माणूस दिसायला लागतो. बायको गेलेली, मुलगा मुंबईला, ओटीवर चार समवयस्क, आणि सगळ्या जगाला टोचून बोलणं हीच काय ती श्रीमंती. पुलंनी हा लेख लिहिला तेव्हा ते चाळिशीच्या जवळपास होते. १९६२ साली पुस्तक आलं त्या वेळी त्यांना त्रेचाळीसावं लागत होतं. म्हणजे लेखक अंतूशेटच्या वयाचा नव्हता आणि त्यांना हसणाऱ्या पोरांच्याही वयाचा नव्हता. दोन्हीकडे नजर पोचेल अशा मधल्या जागेवरून तो लिहिला गेला. लेख दोन्ही वयांना पुरतो त्याचं हे मोठं कारण असावं.

पुलं मध्यमवर्गीय, पुलं ब्राह्मणी, पुलं स्मरणरंजनात अडकलेले, असे आक्षेप नव्या वाचकांनी घेतले आहेत आणि त्यांत तथ्य आहे. त्यांच्या चाळीत सगळा महाराष्ट्र राहत नव्हता. पण अंतू बर्वा टिकून आहे तो आठवणींच्या गोडव्यावर नाही. गरिबी आणि एकटेपण याबद्दल इतकं खरं बोलणारा माणूस मराठी विनोदात फार थोड्या वेळा आला, म्हणून तो टिकला.

वयाबरोबर काही हसू गळूनही पडतं, आणि ते गळावं हे चांगलंच. दामुअण्णा मालवणकर हे १९४० च्या 'लग्न पहावे करून' या चित्रपटातले, चिं. वि. जोशींचे चिमणराव. मोठ्या ताकदीचे नट. त्यांच्या तिरळ्या डोळ्यावर त्या काळच्या थिएटरांत हशा उसळे. राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' या नावानं लिहिलेल्या लेखांत ठकीच्या लग्नाची खटपट आहे. वधूपरीक्षेच्या बाजारावरचा तो प्रहार आजही नेमका वाटतो, पण ठकीच्या रूपावरून होणाऱ्या गमती वाचताना आजची मुलगी थबकते. गडकरी तेहतिसाव्या वर्षी गेले. त्यांचा विनोद तरुण माणसाचा आहे: अतिशयोक्तीनं ओसंडणारा, थांबायला तयार नसलेला. त्यांना पन्नाशी मिळती तर तो कुठं वळला असता, ही हुरहुर मराठी वाचकाला शंभर वर्षं लागून राहिली आहे.

जेनिफर स्टॅन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात तरुण, मध्यमवयीन आणि वृद्ध अशा तीन गटांना गाजलेल्या मालिकांमधले तुकडे दाखवले होते. दुसऱ्याला टोचणारा, त्याची शोभा करणारा विनोद तरुणांना आणि मध्यमवयीनांना गमतीचा वाटला, वृद्धांना तितका नाही. वृद्धांचा कल माणसांना जवळ आणणाऱ्या विनोदाकडे होता. हे अमेरिकेपुरतं खरं आहे असं वाटत नाही. टीव्हीवरच्या मराठी विनोदी कार्यक्रमांत एखाद्याच्या वजनावर, रंगावर, टकलावर रोज तेच ते वार होतात, तेव्हा घरात चॅनल बदला म्हणणारी पहिली व्यक्ती बहुतेक वेळा आजी असते. आपल्या शरीराचं ऐकण्याचे दिवस तिच्या वाट्याला आलेले असतात. आणि आता विशीतली मुलंही त्याला हसत नाहीत, तो काळाच्या घड्याळाचा परिणाम. नव्वदीनंतर जन्मलेली पिढी वर्गात कुणाला जाड्या म्हणण्याबद्दल वेगळं शिकून आली. आजी आणि नात दोन वेगळ्या वाटांनी एकाच जागी आल्या. मधली पिढी सोफ्यावर अजून हसते आहे.

पुरुषानं साडी नेसली की हसायचं, ही सवयही याच कसोटीवर लावून बघावी. ब्रँडन थॉमस यांचं 'चार्लीज आंट' हे इंग्रजी नाटक १८९२ चं. आचार्य अत्र्यांनी ते 'मोरूची मावशी' म्हणून मराठीत आणलं आणि १९८० च्या दशकात 'सुयोग'च्या प्रयोगांत विजय चव्हाणांनी ती मावशी घराघरांत नेली. 'बनवाबनवी'तल्या सचिन आणि लक्ष्मीकांत यांच्या जोडीचंही तेच. इथं हसू साडीला येत नाही. आपण आता पकडले जाणार ही जी धाकधूक पदराआडून दिसत राहते, तिला येतं. म्हणून ती नाटकं-चित्रपट मोठेपणीही पाहवतात. टीव्हीवर नुसती साडी आणि नुसतं मुरकणं उरलं, तेव्हा त्याचं आयुष्य एका भागापुरतं झालं.

म्हातारपणात विनोद आणि हसू यांची फारकत होऊ शकते, याचा एक विलक्षण पुरावा मुंबईतच आहे. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी लोखंडवाला संकुलातल्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या चार जणांना गोळा करून हास्यक्लब सुरू केला. पद्धत सरळ होती: रोज एकेकानं पुढे येऊन विनोद सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं. माणसं भराभर वाढली. पण दोन आठवडेही झाले नाहीत तोवर चांगले विनोद संपले आणि अश्लील, कुणाला तरी दुखावणारे विनोद येऊ लागले. काही जणांनी तक्रार केली. क्लब बंद करण्याऐवजी कटारियांनी विनोदच बंद केले. हात वर करून, एकमेकांच्या डोळ्यांत बघून, विनाकारण हसायचं. हीच पद्धत पुढे जगभर गेली. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकाच्या निरीक्षणात माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो, आणि त्या हसण्यापैकी बहुतांश कुठल्याही विनोदावर नसतं. सकाळी बागेत टाळ्या वाजवत हसणारे ज्येष्ठ नागरिक तरुणांना कृत्रिम वाटतात. पण दिवसाच्या उरलेल्या तासांत ज्यांच्याशी कुणी बोलत नाही, त्यांनी सकाळची ही वीस मिनिटं शोधून काढली आहेत. त्यांना विनोद नको आहे असं नाही. त्यांना आधी सोबत हवी आहे.

शरीरही आड येतं. कान मंदावतात आणि आधी जातात ते उंच पट्टीचे स्वर, म्हणजे बऱ्याच व्यंजनांच्या कडा. स्टँडअपवाला तरुण भराभर बोलतो, शेवटचा शब्द अर्धा गिळतो, हशात पुढचं वाक्य सुरू करतो. ज्येष्ठांना तो आवडत नाही असं आपण ठरवून टाकतो. पुष्कळदा त्यांना तो ऐकूच आलेला नसतो. टोरांटोमध्ये शम्मी आणि स्टस यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वृद्धांना गुंतागुंतीच्या विनोदाचा योग्य शेवट निवडायला तरुणांपेक्षा जड गेलं, पण विनोद कळला की त्याचा आनंद घेण्यात ते कुठंही कमी पडले नाहीत. याचा घरगुती अर्थ एवढाच, की आजोबांना व्हिडिओ दाखवताना तो थांबवून पुन्हा लावावा.

चिं. वि. जोशी या वयात का आवडू लागतात? बडोद्याला पालीचं अध्यापन करणाऱ्या या विद्वानानं १९३० च्या दशकात चिमणराव उभा केला, तो स्वतःची फजिती स्वतः सांगणारा साधा कारकून म्हणून. चिमणरावाला कुणाला हरवायचं नसतं. लग्न जमवणं, प्रवास, पाहुणे, मुलांची आजारपणं यांतून तो पार पडतो आणि जोडीदार गुंड्याभाऊच्या ताकदीचा उपयोग बहुतेक वेळा उलटाच होतो. इथं टाळीची वाक्यं फार नाहीत. आपण बेतलेलं एकही काम बेताप्रमाणे झालं नाही आणि तरी संसार झाला, हे ज्याला नुकतंच उमगलं आहे त्याला चिमणराव जवळचा वाटतो. पण शिडीवाल्यांनी इथंही लक्षात घ्यावं: १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी साकारली, तेव्हा त्यांच्या मागे सर्वांत जास्त वेडावलेली होती ती शाळकरी मुलं.

प्रेक्षक मोठा होतो, तसा विनोदी नटही होतो, आणि प्रेक्षक नेहमी त्याला मोठं होऊ देत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे १९८३ च्या 'टूरटूर' नाटकानं पुढे आले आणि 'धूमधडाका'नंतर लहान मुलांचे लाडके झाले. १९९२ साली जब्बार पटेलांनी त्यांना घेऊन 'एक होता विदूषक' केला. पटकथा-संवाद पुलंचे. तमाशाच्या फडात जन्मलेला, सिनेमात आणि पुढे राजकारणात गेलेला, लोकांना हसवता हसवता स्वतःचं हसू हरवून बसलेला आबूराव लक्ष्मीकांतनी जीव ओतून केला. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. थिएटरं रिकामी राहिली. लोक 'लक्ष्या'ला बघायला गेले होते. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली मुलं आज पंचेचाळिशीत आहेत आणि तोच चित्रपट शोधून बघतात. लक्ष्मीकांत २००४ मध्ये पन्नाशीतच गेले. त्यांच्या वाट्याला तो प्रेक्षक आला नाही.

दिलीप प्रभावळकरांच्या वाट्याला आला. तिशीत चिमणराव, १९९३ च्या 'झपाटलेला'मध्ये मुलांची झोप उडवणारा तात्या विंचू आणि २००१ पासून 'श्रीयुत गंगाधर टिपरे'मधले आबा. त्यांच्याच 'अनुदिनी' या सदरावर बेतलेल्या या मालिकेत आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडं एका घरात राहतात, आणि एकाच प्रसंगात पाच जणांना पाच वेगळ्या गोष्टी हास्यास्पद वाटतात. आबांना कुणी म्हातारा म्हणून हसत नाही, नातवाला कुणी पोरकट म्हणून झाडत नाही. वयावरून माणसाची थट्टा न करता वयांमधल्या अंतरावर विनोद करता येतो, हे त्या मालिकेनं दाखवून दिलं. तशी दुसरी मालिका नंतर झाली नाही, याचं वाईट वाटतं.

आज तो धागा थोडाफार 'भाडिपा' या यूट्यूब चॅनलच्या आई-मुलाच्या व्हिडिओंमध्ये सापडतो. रेणुका दफ्तरदारांनी रंगवलेली ती आई मुलाला सतत काहीतरी विचारते, सुचवते, पुसते, आवरते. ते बघणारी मुलं घर सोडून पुण्या-मुंबईत किंवा परदेशात भाड्यानं राहणारी असतात, त्यांना स्वतःची आई दिसते, आणि व्हिडिओ लगेच आईलाच पाठवला जातो. आई तो बघते आणि मुलावर हसते. दोघांनाही आपापल्या जागी तो आपल्याच बाजूचा वाटतो. त्या प्रेक्षकांतली काही आता स्वतः आया झाली आहेत, आणि आपल्या मुलाला 'जेवलास का' असं तिसऱ्यांदा विचारताना त्यांना तो व्हिडिओ आठवतो.